महाराष्ट्रातील दंतधावन

दंतधावन म्हणजे दात, हिरड्या व जीभ यांची नित्य स्वच्छता. महाराष्ट्रात या क्रियेकडे केवळ आरोग्याचा भाग म्हणून पाहिले गेले नाही. सकाळची शुचिता, व्रतवैकल्ये, स्त्रीचे सौभाग्य, सौंदर्याच्या कल्पना आणि तंबाखूचे व्यसन या सर्वांशी तिचा संबंध आला. कडुनिंब, बाभूळ व करंज यांच्या काड्या, गोवरीची राख किंवा राखुंडी, दात काळे करणारे दातवण, भाजलेल्या तंबाखूची मिश्री (कोकण व मुंबईकडे मशेरी) आणि विसाव्या शतकात आलेली टूथ पावडर व टूथपेस्ट ही या परंपरेतील प्रमुख साधने होत. त्यांपैकी मिश्री हे तोंडाच्या आरोग्यास सर्वाधिक अपायकारक साधन मानले जाते. ती दात घासण्याचे द्रव्य म्हणून घरात आल्यामुळे दीर्घकाळ व्यसनांत गणली गेली नाही.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख

आयुर्वेदात दंतधावन हा दिनचर्येचा भाग आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात टोक ठेचलेल्या काडीने दिवसातून दोन वेळा दात घासावेत आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे सांगितले आहे. काडी तुरट, तिखट किंवा कडू रसाची असावी असे म्हणून करंज, कण्हेर, रुई, अर्जुन, असणा इत्यादी वृक्षांची नावे दिली आहेत. सुश्रुतसंहितेत काडीची लांबी बारा अंगुळे व जाडी करंगळीएवढी सांगितली आहे. तेथे कडू रसात कडुनिंब, तुरट रसात खैर, मधुर रसात मोह आणि तिखट रसात करंज श्रेष्ठ मानला आहे. सोने, चांदी किंवा तांबे यांच्या पट्टीने जीभ घासणे आणि तोंडात तेल धरून गुळण्या करणे हेही याच दिनचर्येत येते.

बौद्ध विनयग्रंथांत भिक्षूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा असून त्याची लांबी चार ते आठ अंगुळे ठरवून दिली आहे. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने येथील दंतकाष्ठाच्या रीतीचे सविस्तर वर्णन केले आहे. हे दंतकाष्ठ विलोच्या झाडाचे असते, हा आपल्या देशातील समज चुकीचा असल्याचेही त्याने नोंदवले आहे.

धर्मशास्त्रात दंतधावनाला शौचविधीचे स्थान मिळाले. प्रतिपदा, षष्ठी, नवमी व अमावास्या या तिथींना तसेच श्राद्ध व उपवास यांच्या दिवशी काडीने दात घासणे निषिद्ध मानून त्याऐवजी बारा चुळा भरण्यास सांगितले गेले. याउलट भाद्रपद शुद्ध पंचमीच्या ऋषिपंचमी व्रतात स्त्रियांनी आघाड्याच्या काड्यांनी दात घासणे हा व्रताचाच एक विधी आहे.

शुचितेची कल्पना आणि वेळ

मराठी घरांत सकाळी तोंड धुतल्याशिवाय काही खाणे-पिणे अशुद्ध मानले जात असे. जेवणानंतर हात धुऊन चूळ भरणे हा नियम लहान मुलांनाही लावला जाई. उष्टे आणि खरकटे यांविषयीच्या कल्पना त्यामागे होत्या. जेवणानंतर तोंडातील अन्नकण निघून जाणे हा या चालीचा प्रत्यक्ष लाभ होय.

या कल्पनेची दुसरी बाजू अशी की, दात घासणे हे दिवसाच्या आरंभीचे शुद्धीकर्म ठरले. रात्रीच्या झोपेने आलेले अशुद्धपण दूर करण्यासाठी दात घासायचे असल्याने झोपण्यापूर्वी ते घासण्याचे कारण उरत नसे. आधुनिक दंतवैद्यक मात्र रात्रीच्या स्वच्छतेला विशेष महत्त्व देते. झोपेत लाळेचे प्रमाण कमी होते. त्यामुळे दातांवरील साखर व पिष्टमय पदार्थांपासून जंतूंनी तयार केलेले आम्ल धुऊन जात नाही. चरकसंहितेत दोन वेळा दंतधावन सांगितलेले असूनही प्रत्यक्ष लोकव्यवहारात एका वेळेचाच प्रघात राहिला.

काडी आणि राखुंडी

ग्रामीण महाराष्ट्रात दात घासण्याची काडी परिसरातील झाडांवरून ठरत असे. कोरड्या पठारी भागात कडुनिंब व बाभूळ सहज मिळतात. कोकणात व सह्याद्रीलगतच्या अधिक पावसाच्या पट्ट्यात करंजासारख्या झाडांचा उपयोग होई. मुसलमान समाजात पिलूच्या मुळाची किंवा काडीची मिस्वाक वापरली जाते. प्रेषित मुहंमद यांच्या आचरणाचा आदर्श म्हणून तिला धार्मिक महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये जेथे मिस्वाकची रूढी आहे तेथे तिच्या वापरास उत्तेजन द्यावे, असे सुचवले होते.

गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ करून केलेले मंजन म्हणजे राखुंडी. तिच्यात मीठ, कापूर, लवंग किंवा तुरटी मिसळण्याचीही पद्धत होती. चुलीत गोवऱ्या जळत असल्याने हे मंजन फुकट मिळे. राखेशिवाय कोळशाची पूड, मीठ किंवा विटेचा चुरा यांनीही दात घासले जात. अशा खरखरीत द्रव्यांनी दात पांढरे दिसतात, परंतु वर्षानुवर्षांच्या घर्षणाने दातांवरील कठीण आवरण झिजते आणि हिरडीलगत खाचा पडून दात शिवशिवू लागतात. दात जितके जोराने घासावेत तितके स्वच्छ होतात, या समजाने ही झीज वाढते.

दातवण

पांढरेशुभ्र दात हे सौंदर्याचे लक्षण म्हणून कुंदकळीची उपमा मराठीत रूढ असली, तरी विवाहित स्त्रीने दात काळे करणे हीदेखील महाराष्ट्रातील जुनी चाल होती. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्यास दातवण म्हणत. हिराकस, हिरडा व मायफळ यांसारखे पदार्थ त्यात असत. हिराकशीतील लोह आणि हिरडा किंवा मायफळ यांतील टॅनिन यांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो. जुन्या काळी लिहिण्याची शाईही याच तत्त्वावर बनवली जाई. कुंकू आणि बांगड्यांप्रमाणे दातवण हे सौभाग्याचे चिन्ह समजले जाई. विधवेला ते वर्ज्य होते. त्यामुळे स्त्रीच्या दातांचा रंग पाहून तिची सामाजिक स्थिती कळत असे.

उत्तर भारतात याच हेतूने मिस्सी नावाची काळी पूड वापरली जाई. जपानमधील ओहागुरो ही दात काळे करण्याची चाल लोह व टॅनिन यांच्याच संयोगावर आधारलेली होती. तेथे १८७० मध्ये सरदार वर्गाला तिच्यापासून परावृत्त करणारा आदेश निघाला आणि १८७३ मध्ये सम्राज्ञीने दात काळे करणे सोडल्यावर ती चाल ओसरू लागली. व्हिएतनाममध्येही काळे दात दीर्घकाळ शालीनतेचे लक्षण मानले जात. महाराष्ट्रात शिक्षणाचा प्रसार आणि बदललेली अभिरुची यांमुळे दातवण मागे पडले.

मिश्री

तंबाखू तव्यावर किंवा खापरावर काळी पडेपर्यंत भाजून केलेली पूड म्हणजे मिश्री. ती बोटाने दात व हिरड्यांवर घासतात, काही वेळ तोंडात धरतात आणि नंतर थुंकून चूळ भरतात. या कृतीला 'मिश्री लावणे' किंवा 'मिश्री घासणे' असे म्हणतात. पश्चिम महाराष्ट्र व कोकणातील ग्रामीण स्त्रियांत आणि या भागांतून मुंबईत स्थलांतरित झालेल्या कष्टकरी कुटुंबांत तिचा विशेष प्रसार झाला.

तंबाखूचे आगमन

तंबाखूचे पीक मूळचे अमेरिका खंडातील असून पोर्तुगिजांच्या व्यापारामार्फत ते पश्चिम किनाऱ्यावर आले. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा दूत असद बेग याने विजापुरात तंबाखू पाहिली व ती मोगल दरबारी नेली. म्हणजे मिश्रीची रूढी प्राचीन दंतधावनाचा भाग नाही. काडी व मंजन यांच्या जुन्या सवयीत तंबाखू नंतर शिरली.

दक्षिण कोल्हापूर आणि निपाणी परिसर

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील गडहिंग्लज, कागल, आजरा व चंदगड हे तालुके तंबाखूची मोठी बाजारपेठ असलेल्या निपाणीच्या परिसरात येतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी आजच्या कर्नाटकात गेली, तरी सीमेच्या दोन्ही बाजूंचा बाजार, नातेसंबंध आणि शेती एकमेकांत गुंतलेली राहिली. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत झालेल्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनामुळे या पिकावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांचा प्रश्न देशभर पोहोचला. तंबाखूच्या वखारींत व विडी उद्योगात स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत.

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे आसपासच्या वाड्यावस्त्यांसाठी बाजाराचे गाव आहे. अशा गावांच्या बाजारात पानाची तंबाखू सुटी मिळते आणि मिश्री घरीच भाजता येते. तिला कारखाना, वेष्टन किंवा जाहिरात यांची गरज नसते. उत्पादनाच्या या घरगुती स्वरूपामुळे तिच्यावर नियंत्रण ठेवणे कठीण जाते.

स्त्रियांमधील प्रसाराची कारणे

स्त्रीने विडी ओढणे ग्रामीण समाजात लज्जास्पद मानले जाई. मिश्री लावण्यास मात्र असा प्रतिबंध नव्हता, कारण ती दात घासण्याच्या नावाखाली घेतली जाई. सासू, आई किंवा जाऊ यांच्याकडून मुलींना तिची सवय लागे. दाढ दुखत असल्यास, पोट साफ होत नसल्यास किंवा गरोदरपणी मळमळ होत असल्यास मिश्री लावण्याचा सल्ला घरातूनच मिळे. निकोटिनमुळे भूक मंदावते आणि काही काळ तरतरी येते. पहाटेपासून राबणाऱ्या व उशिरा जेवणाऱ्या स्त्रियांना ही गोष्ट उपयोगी वाटे. आरंभी सकाळी एकदा लावली जाणारी मिश्री पुढे दिवसातून अनेक वेळा लागते आणि ती न मिळाल्यास डोके दुखणे, चिडचिड व बद्धकोष्ठ असे त्रास होतात. हे त्रास व्यसनाचे लक्षण असले, तरी मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, असा त्यांचा अर्थ लावला जातो आणि सवय अधिक दृढ होते.

आरोग्यावरील परिणाम

भाजल्यामुळे तंबाखूतील निकोटिन नाहीसे होत नाही. तंबाखूतील नायट्रोसामाइन या कर्कजन्य संयुगांबरोबरच भाजण्याच्या क्रियेत बेंझोपायरीनसारखी कर्कजन्य संयुगेही तयार होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. मिश्री वापरणाऱ्यांत हिरड्या खाली सरकणे, दातांवर काळसर थर बसणे आणि गालाच्या आतील बाजूस किंवा हिरडीवर ल्युकोप्लाकिया म्हणजे न पुसला जाणारा पांढरा चट्टा येणे, असे बदल आढळतात. अशा काही चट्ट्यांचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. मिश्रीने सुरुवातीला दुखरी जागा बधिर झाल्यासारखी वाटते. त्यामुळे रोग वाढत असतानाही उपचार लांबणीवर पडतो.

या विषयावरील महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातच झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे फली मेहता, प्रकाश गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडाच्या कर्करोगासाठी व पूर्वकर्क अवस्थांसाठी तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९० च्या दशकात मुंबईतील ३५ वर्षे व त्यावरील ९९,५९८ व्यक्तींच्या पाहणीत ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखूचा वापर करीत असल्याचे आढळले. हा वापर जवळजवळ सर्वस्वी धूरविरहित स्वरूपाचा असून त्यात मिश्रीचे प्रमाण मोठे होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. या स्त्रियांत मिश्री हाच तंबाखूचा सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार होता.

कायदेशीर तरतुदी

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली केंद्र सरकारने १९९२ मध्ये तंबाखूयुक्त टूथपेस्ट व टूथ पावडर यांच्या उत्पादनास व विक्रीस बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही बंदी वैध ठरवली. २००३ च्या सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायद्याने जाहिरातीवर आणि अल्पवयीनांना होणाऱ्या विक्रीवर निर्बंध आणले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. मात्र सुटी तंबाखू विकत घेऊन घरी भाजलेली मिश्री दंतमंजनावरील बंदीच्या आवाक्यात प्रत्यक्षात येत नाही.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये कोणत्याही स्वरूपात तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २००९–१० मध्ये ३१.४ टक्के होते. ते २०१६–१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. संपूर्ण भारतात याच काळात ते ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांपर्यंत घटले.

दातांविषयीच्या समजुती

बाळाचे वरचे दात आधी आले तर ते मामाला अशुभ, अशी समजूत महाराष्ट्रात आढळते. त्याच्या परिहारार्थ मामाकडून बाळाला काही वस्तू देववण्याची चाल आहे. दुधाचा दात पडल्यावर तो शेणाच्या गोळ्यात घालून घराच्या कौलांवर टाकतात किंवा मातीत पुरतात. नवा दात मजबूत यावा, हा त्यामागचा हेतू असतो. जपानमध्ये खालचा दात छपरावर आणि वरचा जमिनीखाली टाकण्याची रीत आहे. नवा दात जुन्याच्या दिशेने वाढावा, असा तिचा संकेत आहे. स्पॅनिश भाषक देशांत पडलेला दात उंदीर घेऊन जातो, तर इंग्रजी भाषक देशांत परी तो नेऊन उशीखाली नाणे ठेवते, असे मुलांना सांगितले जाते.

दाढ किडणे या शब्दप्रयोगातच दातात प्रत्यक्ष किडा असतो, ही जुनी कल्पना दिसते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडा पाडण्याचा उपाय ग्रामीण भागात केला जाई. अशीच कल्पना प्राचीन मेसोपोटेमियापासून युरोपपर्यंत प्रचलित होती. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिच्याविषयी अविश्वास व्यक्त केला. वास्तविक दात किडण्याचे कारण जंतूंनी साखरेपासून तयार केलेले आम्ल हे आहे. दाढदुखीवर लवंगेचे तेल लावण्याचा घरगुती उपाय मात्र सकारण आहे. लवंगेतील युजेनॉल या द्रव्याने वेदना तात्पुरती शमते आणि दंतवैद्यकातही त्याचा उपयोग केला जातो.

वरची दाढ काढल्यास दृष्टी अधू होते आणि दंतवैद्याने दातांवरील कीटण काढल्यास दात हलू लागतात, असे दोन समज आजही ऐकू येतात. दात आणि डोळे यांच्या चेतातंतूंच्या शाखा वेगळ्या असल्याने दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. कीटण काढल्यावर हलणारे दात आधीच आधार गमावलेले असतात. कीटणाच्या थराने ते केवळ एकत्र धरून ठेवलेले असतात.

भाषेतील प्रतिबिंब

दातांवरून मराठीत अनेक वाक्प्रचार व म्हणी रूढ झाल्या आहेत. दाताच्या कण्या करणे म्हणजे पुन्हा पुन्हा विनवणे, दातओठ खाणे म्हणजे संताप व्यक्त करणे आणि दात विचकणे म्हणजे निर्लज्जपणे हसणे. 'दात कोरून पोट भरत नाही' ही म्हण क्षुल्लक काटकसरीला उद्देशून वापरतात. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' या म्हणीत वय वाढले की दात जाणारच, हे गृहीत धरलेले दिसते. तोंडाचे बोळके होणे हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग समजला गेल्याने वृद्धांचे दात वाचवण्यासाठी किंवा कवळी बसवण्यासाठी खर्च करणे अनेक कुटुंबांना अनावश्यक वाटे.

आधुनिक दंतवैद्यक

भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालय दंत महाविद्यालयाची परंपरा १९३३ पासूनची आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने या व्यवसायाची नोंदणी व शिक्षण यांना देशव्यापी चौकट मिळाली आणि १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. तोपर्यंत बाजारात बसणारे वंशपरंपरागत दंतचिकित्सक हाच सामान्य लोकांचा आधार होता. मुंबईसारख्या शहरांत चिनी वंशाचे दंतवैद्यही होते. दवाखान्यात दात वाचवण्यापेक्षा तो काढण्यासाठीच जायचे, ही धारणा त्या काळापासून चालत आली.

टूथ पावडर व टूथपेस्ट यांच्या प्रसारात मुंबई हे केंद्र होते. कोलगेट-पामोलिव्ह कंपनीची भारतीय शाखा १९३७ मध्ये मुंबईत स्थापन झाली. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या विको कंपनीच्या वज्रदंती या मंजनाने वनौषधींची जुनी ओळख नव्या वेष्टनात आणली. तिची उत्पादने आयुर्वेदिक औषधे आहेत की सौंदर्यप्रसाधने, हा अबकारी करासंबंधीचा वाद न्यायालयांत दीर्घकाळ चालला.

फ्लोराइडच्या बाबतीत महाराष्ट्रात दुहेरी स्थिती आहे. टूथपेस्टमधील योग्य प्रमाणातील फ्लोराइड दातांची कीड रोखते. याउलट चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात ते अधिक असल्याने दातांवर कायमचे तपकिरी डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. हे डाग घासून निघत नाहीत. तरीही ते अस्वच्छतेचे लक्षण समजले जाऊन तरुण-तरुणींना संकोच वाटतो.

सद्यस्थिती

एकविसाव्या शतकात टूथब्रश व टूथपेस्ट ग्रामीण घरांतही पोहोचले. तथापि नव्या साधनाने जुने पूर्णतः हटवले नाही. एकाच घरात मुले ब्रश, पुरुष मंजन आणि वयस्क स्त्रिया मिश्री वापरतात, असे चित्र आढळते. मिश्री लावणाऱ्या अनेक स्त्रिया स्वतःला तंबाखूच्या व्यसनी समजत नाहीत. त्यामुळे 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला त्या नकार देतात आणि आरोग्यतपासणीत त्यांची नोंद सुटण्याची शक्यता असते. म्हणून 'दात कशाने घासता' हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक ठरते. मिश्री सोडणाऱ्या स्त्रीला दात घासण्यासाठी दुसरे साधन, दाढदुखीवर उपचार आणि तलफेच्या काळात घरातील माणसांचा आधार या तिन्ही गोष्टींची गरज असते. तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम अथवा तोंड उघडण्यास होणारा त्रास ही तातडीने तपासणी करून घेण्याची लक्षणे आहेत.

हेही पाहा

आयुर्वेदातील दिनचर्या
ऋषिपंचमी
तंबाखू
तोंडाचा कर्करोग
निपाणी
नेसरी